इतिहास सभेत का वाचतात?

श्रोतेहो, 2001 साली महाराष्ट्र शासनाने श्रीशिवजयंती 19 फेब्रुवारी या दिवशी पाळावयाचे ठरविले. तोपर्यंत आम्ही ती वैशाख शुद्ध द्वितीयेस, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, पाळत आलो होतो. त्या सुमारास माझ्याकडे इयत्ता चौथीचा वर्ग होता. आणि चौथीस इतिहास म्हणजे शिवचरित्रच. नवी तारीख फळ्यावर लिहिताच एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, माणसाचा जन्मदिवस बदलतो कसा?" मी म्हणालो, "सरकारने तसे ठरविले आहे." मुलगा खाली बसला, पण आपण उत्तर दिले नाही, हे मला त्याच क्षणी उमगले. सुटी केव्हा द्यावी हे सरकार ठरवू शकते. कोण केव्हा जन्मले हे सरकारच्या हाती नाही. मग ते कोणी ठरविले, कोठे, आणि कशाच्या बळावर?

या प्रश्नाचे उत्तर शोधीत मी सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात गेलो आणि जुन्या सभांची व संमेलनांची वृत्ते चाळू लागलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संशोधक म्हणविण्याचा माझा अधिकार नाही. तथापि ती पाने वाचताना एक गोष्ट स्पष्ट झाली. इतिहास-मंडळाची सभा ही कीर्तनाची बैठक नव्हे, ती न्यायाची कचेरी आहे. आणि तेथे येणारा श्रोता हा केवळ टाळ्या वाजविण्यास आलेला नसून पंचाच्या जागी बसलेला असतो. आज हेच आपणांस उदाहरणाने सांगावयाचे आहे.

मंडळाची स्थापना पुण्यात 7 जुलै 1910 रोजी झाली. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे तिचे प्रवर्तक. विद्वानांच्या सभा आपल्या देशात त्यापूर्वीही होत्या. कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी 1784 सालची, मुंबईची लिटररी सोसायटी 1804 सालची. परंतु त्या साहेबलोकांनी काढलेल्या, आणि त्यांचा व्यवहार इंग्रजीत चाले. मंडळाने आपले काम मराठीत चालविले, त्यामुळे ज्याच्या माळ्यावर जुने कागद पडले आहेत त्या देशमुख-कुळकर्ण्यासही सभेत काय बोलले जात आहे ते कळू लागले. ही गोष्ट लहान नाही. कागद त्याचे, भाषा त्याची, मग शंका विचारण्याचा अधिकारही त्याचाच.

राजवाडे यांच्या मनात सभेची ही कल्पना का उद्भवली, हे समजण्यास त्या वेळची स्थिती लक्षात घेतली पाहिजे. सरकारी पेशवे दफ्तर संशोधकांस सहज खुले नव्हते. त्यातील निवडक कागदांचे 45 भाग गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली बाहेर पडले ते 1930 नंतर. तेव्हा राजवाडे गावोगाव हिंडून घरोघरीचे रुमाल सोडू लागले. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचे चौकोनी फडके; आणि त्यावरून त्या गठ्ठ्यासही रुमालच म्हणतात. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला. त्यात पानिपतच्या काळातील पत्रे होती. पण एकटा मनुष्य किती गावे हिंडणार? आणि त्याने छापले तेच खरे, असे तरी का मानावे? एकाने शोधावे आणि अनेकांनी तपासावे, यासाठी मंडळ हवे होते.

मंडळाच्या पाक्षिक सभांची पद्धत म्हणूनच साधी पण कडक. कोणी एकजण टिपण वाचतो; त्या टिपणाचा आधार असलेला कागद शक्य तर पुढे ठेवतो; नंतर शंका निघतात. त्या शंकांचेही शास्त्र आहे. कागद कोणाच्या घरी मिळाला? अस्सल आहे की नक्कल? नक्कल असेल तर ती केव्हा आणि कोणत्या प्रयोजनाने केली? कारण वतनाच्या तंट्यात बनावट कागद तयार करणारे लोक पूर्वीही होतेच. अक्षर व कागद त्या काळाशी जुळतात काय? शिक्का योग्य ठिकाणी आहे काय? आणि सर्वांत मुख्य म्हणजे, कालोल्लेख मिळतो काय?

कालोल्लेखाचे थोडे विवेचन अवश्य आहे. शिवकालीन पत्रांत पुष्कळदा सुहूर सन असतो व त्याचे आकडे अरबी शब्दांनी लिहिलेले असतात. हे वर्ष मृगापासून सुरू होते. त्यात 599 किंवा 600 मिळविले म्हणजे इसवी सन येतो. सुहूर 1060 म्हणजे इसवी 1659-60, अफजलखानाच्या स्वारीचे वर्ष. शकावलीत मात्र शक, संवत्सर, मास, तिथी, वार, क्वचित् नक्षत्रही दिलेले असते. ही अंगे परस्परांशी जुळावी लागतात. सांगणाऱ्याने तिथी मनाने घातली असेल तर वार चुकतो. वार साधला तर संवत्सर चुकते. खोट्या साक्षीदारास उलटतपासणीत पकडावे तसे खोट्या तिथीस पंचांगाने पकडता येते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. शिवाजी महाराजांचा जन्म शके 1549 मध्ये, वैशाख शुद्ध द्वितीयेस, म्हणजे इसवी 1627 साली झाला, अशी समजूत बखरींच्या आधारे रूढ होती. पुढे भोरनजीकच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातील एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली. या घराण्यातील कान्होजी जेधे हे शहाजी राजे व शिवाजी महाराज या उभयतांच्या विश्वासातले. शके 1540 ते 1619 पर्यंतच्या घटना या शकावलीत थोडक्यात नोंदलेल्या आहेत. वर्णन नाही, स्तुती नाही, केवळ तिथी आणि प्रसंग. टिळकांनी ती आपल्यापाशी न ठेवता विद्वानांपुढे मांडली, आणि 1916 साली ती मंडळाच्या संमेलन-वृत्तात छापून आली. तीत महाराजांचा जन्म शके 1551, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र असा दिला आहे.

गणित करून पाहता त्या दिवशी शुक्रवारच येतो. शके 1551 चे संवत्सरही शुक्लच. नक्षत्राविषयी म्हणाल तर फाल्गुनी पौर्णिमेस चंद्र फल्गुनी नक्षत्रांच्या आसपास असतो व पुढील दोन-तीन दिवसांत हस्तात येतो. साक्षीदार उलटतपासणीत टिकला.

तथापि सभेतील पंच एवढ्याने समाधान पावत नाही, आणि पावूही नये. शंका निघाली ती रास्तच होती: एका बाजूस अनेक बखरी, दुसऱ्या बाजूस एकच शकावली, मग एकीचे का ऐकावे? याचे उत्तर असे की, साक्षी मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरची. एका बखरीवरून दुसरी उतरली असेल तर त्या दोन साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष, दोनदा ऐकलेली. यास्तव संख्येपेक्षा स्वतंत्र पुराव्याची गरज होती.

तो पुरावा दोन दूरच्या दिशांनी आला. शहाजी राजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरास राज्य स्थापिले. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्याची पोथी निघाली. कवी महाराजांच्या पदरचा, काव्य महाराजांच्या हयातीतले. सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते संपादिले व 1927 साली मंडळाने प्रसिद्ध केले. त्यातही शके 1551 आणि फाल्गुन वद्य तृतीयाच. तिसरी साक्ष राजपुतान्यातली: जोधपूरच्या एका जुन्या पत्रिकासंग्रहात महाराजांची जन्मकुंडली आढळली, आणि तिचाही काळ हाच. मावळातला देशमुख, तंजावरास पोचलेली पोथी आणि जोधपूरचा ज्योतिषी, या तिघांनी संगनमत केले असेल असे कोण म्हणेल?

एवढे असूनही वाद मिटण्यास वेळ लागला. 1966 साली शासनाने इतिहासज्ञांची समिती नेमली. निर्णय झाला तो 2001 मध्ये. शकावली छापल्यापासून 85 वर्षे! कित्येकांस हा विलंब हास्यास्पद वाटतो. मला तसे वाटत नाही. लोकांच्या श्रद्धेचा दिवस हलवावयाचा तर पुरावा सर्वांसमोर वाचला गेला पाहिजे, विरोधकास बोलू दिले पाहिजे, आणि ते बोलणे छापून ठेविले पाहिजे. मंडळाची वृत्ते आणि 1920 च्या सुमारास सुरू झालेले त्रैमासिक यांचे खरे प्रयोजन हेच. सभेस न आलेला परगावचा मनुष्य ते वाचतो व पुढे-मागे आपला कागद घेऊन खंडन करतो. सभा त्या दिवशी संपत नाही.

जाता जाता 19 फेब्रुवारीसंबंधीही सांगतो. ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेने, म्हणजे दहा दिवस मिळवून, तो दिवस 1 मार्च 1630 येतो. कित्येक मंडळी अद्यापि तिथीने उत्सव करतात तो फाल्गुन वद्य तृतीयेस. दिवस एकच, मोजण्याच्या रीती भिन्न. यावरून हमरीतुमरीवर येण्याचे कारण नाही. पण भांडण करणाऱ्यांपैकी किती जणांना ही गोष्ट ठाऊक असते?

आता थोडे आपल्याविषयी. पुण्यात व्याख्यानांस गर्दी जमण्याची चिंता नसते. वक्ता ओजस्वी असला, पूर्वजांचा पराक्रम रंगवू लागला की सभागृह भरते. पण कोणी एखादा नम्र अभ्यासक एका मोडी पत्राच्या तारखेविषयी टिपण वाचू लागला की मागच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. आणि त्याच्या निष्कर्षाने आपल्या घराण्याचा, जातीचा वा गावाचा मान उणावतो असे वाटले, तर कुरबूर सुरू होते. श्रोतेहो, हा इतिहासाचा अनादर आहे. पूर्वजांवर खरे प्रेम असेल तर त्यांच्याविषयी खरे ऐकण्याची तयारी हवी.

दुसरी गोष्ट कागदांची. माझ्या आजोबांच्या पश्चात आमच्या घरातील चार रुमाल, कोणास वाचता येत नाहीत म्हणून, वडीलधाऱ्यांनी श्रद्धापूर्वक नदीत सोडले. त्यात काय होते ते आता कोणालाही सांगता येणार नाही. कदाचित् नुसता उधारीचा हिशेब असेल. पण धान्याचे भाव, मजुरीचे दर, दुष्काळाचे वर्ष हे अशाच हिशेबांतून कळते. जेधे देशमुखांच्या वडिलांनी असेच केले असते तर? म्हणून विनंती अशी की, जुने कागद रद्दीत घालू नका, विसर्जनही करू नका. त्यांस गोंद वा चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये बंद करू नका. धुतलेल्या सुती फडक्यात सैल बांधून कोरड्या जागी ठेवा. ज्या क्रमाने सापडले तो क्रम मोडू नका, आणि कोठे, कोणाच्या घरी मिळाले ते निराळ्या चिठीवर लिहून ठेवा. मग ते जाणकारांस दाखवा. मूळ कागद देण्याचे मनात नसेल तर छायाचित्र घेऊ द्या. घरातल्या तरुणांनी मोडी शिकावी. जुन्या कागदांचे कुलूप त्या एका किल्लीने उघडते.

आणि इतिहासाच्या सभेस जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या. टिपण कळले नाही तरी चालेल. पण मोठी माणसे एका कागदाभोवती जमतात, परस्परांस शांतपणे "कशावरून?" असे विचारतात, आणि उत्तर न आल्यास आपले मत मागे घेतात, एवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले तरी पुरे आहे.

त्या विद्यार्थ्यास योग्य उत्तर मी दोन महिन्यांनी दिले. जन्मदिवस बदलला नाही, बाळ. तो होता तेथेच होता. आपल्याला तो उशिरा कळला, आणि कळला तो अनेकांनी कागद जपले, दाखविले आणि तपासू दिले म्हणून.