देठ, कात आणि तूप : स्तन-पुनर्रचनेनंतरच्या दिवसांविषयी

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत पत्ररूपाने छापली गेली. इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता, एवढीच त्याची ओळख पत्रात आहे. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली. पुण्यात असलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले.

ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि ती नाक बसले इथे संपते. मला त्या पत्रातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. जोडावर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या, एकावर एक पाच-सहा. चार दिवस दुसरे काही नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि दोन भुवयांच्या मधला कातडीचा देठ, ज्यातून नव्या नाकाला रक्त मिळत होते, तो तोडायचा साधारण पंचविसाव्या दिवशी. म्हणजे हातचलाखी एका दिवसाची आणि सांभाळणे महिन्याचे. त्या कारागिराला हे पक्के ठाऊक होते.

कर्करोगासाठी स्तन काढल्यावर नवा स्तन घडवण्याची आजची शस्त्रक्रिया याच देठाच्या तत्त्वावर उभी आहे. पुण्याची हकीकत वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ मध्ये लंडनला तशीच क्रिया केली आणि तिथून युरोपात ती पसरली. इटलीच्या इजिनिओ तान्सिनी यांनी १९०६ मध्ये पाठीच्या रुंद स्नायूचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काखेखालून पुढे आणून छातीची जखम झाकण्याची रीत प्रसिद्ध केली. सिलिकॉनची पिशवी आली ती १९६२ मध्ये, अमेरिकेत. पोटाची कातडी-चरबी वर आणण्याची रीत १९८२ नंतर रुळली. आता तर पोटाचा हा तुकडा देठ तोडून पूर्ण सुटा करतात आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडतात. आमच्या भागातल्या बागायतदाराला मी हे असे सांगतो: पहिली रीत म्हणजे फांदी झाडावर ठेवूनच वाकवून दुसरीकडे रुजवणे, दुसरी म्हणजे डोळा काढून डॉगरीजच्या खुंटावर भरणे. दुसरीत पहिले दिवस जास्त जोखमीचे, हे द्राक्षवाल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून सुट्या तुकड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिला दिवस-रात्र परिचारिका तासातासाला येऊन रंग पाहते, हात लावून ऊब पाहते, बोटाने दाबून रक्त परत कसे भरते ते पाहते. रात्री दर तासाला दिवा लावून उठवतात म्हणून नातेवाईक कुरकुर करतात. पण रक्तवाहिनीत गुठळी झाली तर ती काही तासांत सोडवली तरच तुकडा वाचतो. पोटाला टाके असल्याने बाई आठवडाभर तरी कमरेत वाकून चालते. पाठीचा स्नायू घेतला असेल तर पाठीच्या जखमेत पाणी साचते, कधी कधी नळी काढल्यानंतरही, आणि ते सुईने काढावे लागते. पिशवी घातली असेल तर रुग्णालयातला मुक्काम कमी; पण पुढे किरणोपचार झाले तर पिशवीभोवतीचे आवरण आवळून घट्ट होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे कोणती रीत सोपी, या प्रश्नाला एक उत्तर नाही.

नळ्यांविषयी थोडे. जखमेतले रक्तपाणी ओढून घेणाऱ्या या नळ्या बाटलीसकट घरी येतात. दिवसाला किती मिलिलिटर जमले हे रोज ठरावीक वेळी मोजून लिहायचे. ते साधारण तीसच्या खाली आले की नळी निघते. हे काम घरातल्या दहावी-बारावीच्या मुलीकडे जाते असा माझा अनुभव. मुलाकडे का जात नाही, हा प्रश्न मी दोन घरांत विचारला. दोन्हीकडे नुसते हसले.

आता कळंबचे. घोड नदीकाठचे, पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव. कांदा, ऊस, टोमॅटो, दारात दोन-चार गायी. इथून पुण्याला जाऊन शस्त्रक्रिया करून आलेल्या बाईच्या हाती जो कागद असतो त्यावर 'जड उचलू नये' असे लिहिलेले असते. जड म्हणजे किती? सहा आठवडे दोन-तीन किलोच्या वर नको, असे डॉक्टर सहसा सांगतात. भरलेला हंडा बारा-पंधरा किलोचा. टोमॅटोचे क्रेट वीस किलोचे. गवताचा भारा त्याहून जास्त. कणकेची मोठी परातसुद्धा या हिशेबात बसत नाही. पाठीचा स्नायू घेतलेल्या बाईला खांद्याची ताकद काही महिन्यांत बरीचशी परत येते, कारण शेजारचे स्नायू काम उचलतात. पण हात वर नेऊन खाली ओढण्याचे आणि जमिनीवर हात टेकून उठण्याचे काम अखेरपर्यंत थोडे अवघड राहू शकते. हापसा, विहिरीचा दोर, धार काढून उठणे ही तीच कामे. शहरातल्या बाईला ही उणीव कदाचित जाणवणारही नाही. त्यामुळे रीत ठरवताना 'तुम्ही घरी काय काम करता' हे डॉक्टरांनी विचारले पाहिजे, आणि 'काही नाही, घरीच असते' हे उत्तर बाईने देता कामा नये.

मिश्रीचा विषय कोणी काढत नाही. आपल्याकडच्या कितीतरी बाया तंबाखू भाजून केलेली मिश्री दिवसातून तीन-चारदा दातांना लावतात आणि 'तंबाखू खाता का' म्हटले की खरेपणाने नाही म्हणतात. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. देठातून येणाऱ्या रक्तावर जगणाऱ्या तुकड्याला ते मारक ठरते, जखम काळी पडते, टाके उसवतात. शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे आणि नंतरही ती बंद हवी. सासूबाईंसमोर बोलायचा संकोच असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावे, पण सांगावे.

दुसरा आपलाच म्हणता येईल असा धोका शेकाचा. बाळंतिणीला शेकायचे तसे आजारातून उठलेल्या बाईला शेकायचे, ही माया आहे. परंतु नव्या स्तनाची कातडी बहुधा बधिर असते; मज्जातंतू कापले गेलेले असतात आणि जाणीव परतली तरी ती थोडी आणि उशिरा परतते. गरम पाण्याच्या पिशवीने भाजून फोड आले तरी बाईला कळत नाही. चुलीपुढे बसतानाही हीच काळजी.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची शक्यता पुढे अनेक वर्षे राहते. खुरपणीत काटा लागणे, विळ्याने कापणे, नखाशी पिकणे या साध्या गोष्टींतून संसर्ग आणि मग सूज. काम करू नये असे नाही. हातमोजा घालावा, जखम लगेच धुवावी. सूज ओळखायला सर्वांत आधी उपयोगी पडते ती बांगडी: काल सैल फिरणारी आज वळ उमटवत असेल तर वाट पाहत बसू नये. आणि हात बांधून ठेवू नये. भिंतीवर बोटे चालवत हात वर नेण्याचा व्यायाम डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून करायचा असतो. न केल्यास खांदा आखडतो आणि मग किरणोपचाराच्या वेळी हात डोक्यामागे जात नाही.

कपड्यांच्या बाबतीत मात्र आपल्या बाया सुदैवी आहेत. हात वर न करता घालता येईल असे, पुढून उघडणारे काहीतरी घाला, असे जगभर सांगितले जाते. आपला ब्लाउज पुढूनच उघडतो, आणि आजीची गाठीची चोळी तर हवी तेवढी सैल बांधता यायची.

मनाचे काय, हे विचारले जाते ते शेवटी. नवा स्तन आरशात दिसतो, पण हाताला लागत नाही. आपलाच असून पाहुण्यासारखा, असे एका बाईने मला सांगितले. त्यात चरबीचा भाग निकामी होऊन कडक गाठ लागली की रोग परत आला म्हणून घर हादरते. बहुतेकदा ती निरुपद्रवी असते, तरी तपासून घ्यावीच. पुनर्रचनेमुळे रोग उलटण्याचे प्रमाण वाढत नाही, हेही इथे सांगायला हवे. कारण 'या वयात हौस कशाला' असे म्हणणारे त्याला भीतीची जोड देतात. हौस हा शब्द मला खटकतो. कावसजीला नाकाची हौस होती असे कोणी म्हटलेले नाही. त्याच न्यायाने, पुनर्रचना नको म्हणून सपाट छातीने वावरणाऱ्या किंवा ब्लाउजमध्ये कापसाची, विणलेली गादी घालणाऱ्या बाईनेही कोणाला कारण द्यायला नको. नंतर मन बदलले तर ही शस्त्रक्रिया काही वर्षांनीही होऊ शकते.

सगळ्यात शेवटचा टप्पा काही महिन्यांनी येतो, सूज उतरून आकार स्थिरावल्यावर. स्तनाग्राचा रंग कातडीत सुईने भरतात. कळंबच्या एका आजींना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातावरचे हिरवे तुळशीवृंदावन पुढे केले आणि विचारले, मग गोंदणच की ते, दुखतं का? बधिर कातडीवर फारसे दुखत नाही, असे मी सांगितले.