काउबॉय गायला कसा लागला? : ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’ (१९३५)

मागच्या व्याख्यानात आपण मूकपटांतले वेस्टर्न पाहिले. आज बोलपटांकडे येऊ. प्रश्न साधा आहे. पिस्तूल चालवणारा नायक मध्येच गाऊ लागतो, हे प्रेक्षकांना पटलं कसं?

खरे काउबॉय गात असत, हे खोटं नाही. रात्रीच्या राखणीत गुरं बुजू नयेत म्हणून ते हळू आवाजात गाणी म्हणत. पण पडद्यावर तेवढ्याने भागत नाही. १९३३च्या ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’त जॉन वेनला गाणारा नायक केलं. त्याला गाता येत नव्हतं, म्हणून आवाज दुसऱ्याचा घेतला. आपल्याला पार्श्वगायनाची सवय. त्यात काय बिघडलं, असं वाटेल. पण वेन प्रत्यक्ष समोर आला की लोक गाण्याची फर्माईश करत आणि त्याची पंचाईत होई.

दोन वर्षांनी ‘रिपब्लिक पिक्चर्स’ या नव्या कंपनीने वाट उलटी धरली. आधी गायक निवडला, मग त्याला घोड्यावर बसवलं. हा गायक जीन ऑट्री. पूर्वी ओक्लाहोमात रेल्वेच्या तारेवर काम करणारा. पुढे शिकागोचा रेडिओ आणि रेकॉर्डी यांमुळे त्याचा आवाज घरोघरी पोचला होता. अभिनय बेताचाच, पण गावोगावच्या प्रेक्षकांना तो आवाज ओळखीचा होता.

जोसेफ केन दिग्दर्शित या चित्रपटाच्या कथेतली सोय बघा. बापाशी बिनसून घर सोडलेला जीन पाच वर्षांनी परततो, तो ‘मेडिसिन शो’तला गायक म्हणून. गाऊन-नाचून गर्दी जमवायची आणि औषधाच्या बाटल्या विकायच्या, असा हा फिरता खेळ. म्हणजे गाणं हे त्याचं पोटापाण्याचं कामच! घरी येतो तर वडिलांचा खून झालेला, आळ मित्रावर. आता त्याला खरा गुन्हेगार शोधायचा आहे. गाणारा आणि लढणारा माणूस एकच, ही सांगड इथे बसली.

याची किंमतही आपण लक्षात घेऊ. खरा काउबॉय तुटपुंज्या मजुरीवर राबणारा गडी होता. मंदीच्या त्या दिवसांत प्रेक्षकांना दिलासा देणारा आवाज मिळाला, पण त्या गड्याचे कष्ट गाण्याआड गेले.

पुढच्या व्याख्यानात आपण ऑट्रीनंतर आलेल्या रॉय रॉजर्सकडे वळू.