भाकड म्हैस आणि बुडालेली अवलाद

मुंबईच्या तबेल्यांत मुऱ्हा, मेहसाणा व जाफराबादी जातींच्या निवडक म्हशी आणीत. दूध आटलें कीं त्यांतील पुष्कळ कसायाकडे जात. भाकडकाळ पोसणें मालकास परवडत नसे, आणि दुधाचीं वाटेकरी म्हणून कित्येक रेडकें उपाशीं मरत. १९४९ सालीं गोरेगांवीं आरे वसाहत वसली, तबेल्यांस जागा मिळाली. गेलेली अवलाद मात्र परत आली नाहीं. दुधाचा गुण मातेप्रमाणें पित्याकडूनही उतरतो, व रेड्याची पारख त्याच्या लेकींच्या दुधावरून होते. लेकीच न उरल्या तर मोजावयाचें काय? म्हशीस गुणसूत्रें ५०, गाईस ६०. तेव्हां गाईच्या वळूनें ही तूट भरून निघणारी नाहीं. उत्तम म्हैस शहरच्या व्यापाऱ्यास देण्यापूर्वीं तिची एक पारडी घरीं राखावी व प्रत्येक वेताचें दूध वहींत टिपावें.