पडवीतली फियाट

गेल्या आषाढात माझा मित्र गेला. रत्नागिरीजवळ कुवारबावला त्याच्या घरी पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. पडवीत त्याची 1967 सालची फियाट उभी होती, बॉनेट उघडं. आदल्या संध्याकाळी त्याने पॉइंट साफ करायला घेतले होते. डिस्ट्रिब्युटरची टोपी फडक्यावर काढून ठेवलेली होती आणि तिच्या शेजारी बारीक पॉलिशपेपरचा तुकडा. घरात माणसं जमत होती. मी थोडा वेळ त्या फडक्यापाशीच उभा राहिलो.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. आपलं नाव छापून यावं असं त्याला कधी वाटलं नाही. तो गणिताचा शिक्षक. 1986 साली गावातल्या एका डॉक्टरांनी मारुती घेतली आणि त्यांची फियाट विकायला काढली. मित्राने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे उचलून ती घेतली. तेव्हा सगळे नव्या, हलक्या गाड्यांकडे वळत होते आणि याने जुनी, जड गाडी दारात आणली होती. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं ती त्याच्याकडे राहिली. या लेखात त्याची आठवण आहेच. पण त्याच्या गाडीचा धागा धरून आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचाही आढावा घ्यायचा आहे: त्या आल्या कुठून, टिकल्या कशा आणि पुढे टिकतील कशा.

कुर्ल्याहून आलेल्या गाड्या

मित्राची फियाट इटालियन नावाची, पण जन्माने कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. जहाजं, विमानं आणि मोटारी या देशात बनल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जुळवल्या गेल्या. पन्नाशीच्या दशकात फियाटशी करार झाला आणि गोलसर अंगाची, पुढची दारं उलटी उघडणारी फियाट 1100 रस्त्यावर आली. लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. नाव ओबडधोबड, पण घरच्या माणसाला टोपणनाव द्यावं तसं लाडाने दिलेलं. साठीच्या दशकात ‘डिलाइट’ आली, सत्तरीत ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’. वरचे साज बदलले, तरी 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ही तिची ओळख कायम राहिली.

तिच्या बरोबरीच्या गाड्याही आठवायला हव्यात. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्डवरून घडली. 1957-58 पासून निघालेली ही गाडी 2014 साली थांबली. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड अंगाने नाजूक होती. तिचं बॉनेट पुढच्या चाकांवरच्या पत्र्यासकट पुढे उलटायचं आणि सगळं इंजिन उघड्यावर यायचं. मुंबईत महिंद्रांनी 1947 पासून विलीज जीप जुळवायला घेतली. कोकणातल्या लाल मातीच्या, खड्या चढाच्या वाटांवर ती जितकी शोभली तितकी दुसरी कुठली गाडी शोभली नसेल.

आणि एक गाडी इचलकरंजीची. शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 साली आपल्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना उभा केला आणि पुढे वर्षानुवर्षं तो सुधारत राहिले. गाडीचं नाव ‘मीरा’. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी मोटार त्यांना द्यायची होती. ती मोठ्या कारखान्यापर्यंत पोचली नाही. मित्र म्हणायचा, ‘अरे, आंब्याचा घाट चढून गेलं की तिथे एक माणूस स्वतःच्या हाताने मोटार बनवत होता. हे आपल्या पोरांना कुणी सांगतं का?’ वर्गात भागाकार शिकवताना तो मीरेच्या पेट्रोलचं गणित घालायचा.

रत्नागिरीची वाट

रत्नागिरीला मोटार उशिरा रुळली, कारण इथे यायची वाट मुळात पाण्याची होती. मुंबईहून बोट यायची, माणसं पडावातून बंदरावर उतरायची आणि पुढचा प्रवास बैलगाडीचा किंवा पायी. शहरातलं ‘गाडीतळ’ हे नाव आजही त्या काळाची खूण सांगतं. मग रस्ते झाले, एसटी आली. 1998 साली कोकण रेल्वे सलग सुरू झाली तेव्हा कुठे मुंबई खऱ्या अर्थाने जवळ आली. तोवर मुंबईचा चाकरमानी गणपतीला स्वतःच्या किंवा मागून आणलेल्या फियाटने गावी यायचा, तेव्हा सबंध वाडी गाडीभोवती जमायची. टपावर करंड्या, मागच्या काचेपाशी मखराचं सामान आणि मांडीवर पोरं.

घाट हीच या गाड्यांची खरी परीक्षा. रत्नागिरीहून कोल्हापूर सुमारे 130 किलोमीटर. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा मागे पडलं की आंबा घाट सुरू होतो. वैशाखात चढताना जुन्या इंजिनाचं पाणी उकळू लागतं. पेट्रोलची वाफ होऊन पंप ते ओढेनासा होतो आणि गाडी वळणावरच मान टाकते. मित्राच्या डिकीत पाण्याचा कॅन, गोणपाटाचा तुकडा आणि जादा फॅनबेल्ट ठरलेले. गाडी बंद पडली की तो घाई करायचा नाही. गोणपाट भिजवून पेट्रोलपंपावर ठेवायचा, बॉनेट उघडं टाकायचा आणि कठड्यावर बसायचा. मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला की ओरडायचा, ‘मेल्या, हात भाजून घेशील! निवू दे आधी तिला.’ अर्ध्या तासाने गाडी सुरू व्हायची. गाडी सांभाळणं म्हणजे आधी वाट बघायला शिकणं, हे मी त्या कठड्यावर शिकलो.

मीठ, पाऊस आणि पत्रा

कोकणात जुनी गाडी राखणं देशावरच्यापेक्षा वेगळं आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि बाकीचे महिने खारा वारा वाहतो. फियाटला वेगळी चासी नाही, तिचं सगळं बळ पत्र्याच्या सांगाड्यात. म्हणून दाराखालचा पत्रा आणि तळ कुजला की गाडीचा कणाच गेला. वरून लांबी भरून रंग मारला तर दोन वर्षं ती छान दिसते आणि तिसऱ्या वर्षी रंगाखालून फोड येतात.

मित्राचे नियम साधे होते. भाट्ये किंवा आरे-वाऱ्याच्या किनाऱ्याकडे फेरी झाली की घरी येताच गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायची. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात, ती मृगाआधी तारेने मोकळी करायची. आतलं जाजम काढून माळ्यावर टाकायचं. टाकी भरून ठेवायची, कारण रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी धरतं आणि ती आतून गंजते. आणि प्लास्टिकचा कागद गाडीवर कधीच घालायचा नाही, झाकलेली गाडी आतून घामेजते. तिला कौलांखाली वारा हवा. त्याची पडवी गाडीसाठीच तीन फूट पुढे वाढवलेली होती.

पेट्रोल बदललं तसं कामही वाढलं. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. हवेसाठी ते फार चांगलं झालं, पण जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठकी शिशाच्या आधारावर टिकायच्या. मित्राने हेड उतरवलं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन कठीण धातूच्या बैठकी बसवून आणल्या. आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या धाटणीचे रबरी पाइप, वॉशर, कार्बोरेटरमधले पडदे खराब करतं. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी रबराचा प्रत्येक भाग तपासून नव्या प्रतीचा घालावा आणि गाडी महिनोन्महिने त्याच पेट्रोलवर उभी ठेवू नये. गळका पाइप तापलेल्या इंजिनापाशी असतो, हे विसरून चालणार नाही.

बुडालेली जीप

जुलै 2021 मधल्या दोन गोष्टी मला नेहमी एकत्र आठवतात. 15 जुलैला केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. ती बातमी वाचून मित्राचा मला सकाळी सहाला फोन आला होता. आणि 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. बाजारपेठ बुडाली, शेकडो गाड्या गाळात गेल्या.

पाणी ओसरल्यावर आम्ही एका परिचितांकडे चिखल उपसायला गेलो. त्यांच्या आवारात नवी मोटार होती आणि वडिलांच्या वेळची जीपही. नव्या मोटारीच्या विजेच्या यंत्रणेत पाणी गेलं होतं, ती तिथे कुणाच्याच हाताने सुरू होण्यासारखी नव्हती. मित्र जीपपाशी बसला. तेल काढलं, त्यातून आधी पाणीच आलं. प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढलं, कार्बोरेटर उघडून गाळ धुतला, पॉइंट पुसले, टाकी रिकामी केली, तेल दोनदा बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप सुरू झाली. त्या घरातल्या आजी देवघरातली उदबत्ती घेऊन बाहेर आल्या. घरातलं बाकी सगळं गेलं होतं. चालू झालेली तेवढी एक वस्तू त्यांच्यापुढे उभी होती.

जुनी गाडी नव्यापेक्षा चांगली, असं मला म्हणायचं नाही. नव्या गाड्या अधिक सुरक्षित आहेत आणि धूर कमी सोडतात. पण जुनी गाडी माणसाला उघडून बघता येते, समजून घेता येते आणि हाताने दुरुस्त करता येते. मित्राचं तिच्यावर प्रेम होतं ते यासाठी.

संग्रह आणि वापर

ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघटनेने किमान तीस वर्षं जुनं, मूळ रूपात जपलेलं आणि रोजच्या वाहतुकीत नसलेलं वाहन ‘ऐतिहासिक’ मानलं आहे. आपल्या 2021 च्या नियमांत ही मर्यादा पन्नास वर्षांची आहे. चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. नव्याने नोंदणी केल्यास ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, शुल्क 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणं यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही.

श्रीमंतांचे संग्रह आहेत, रॅली आहेत. दिल्लीची स्टेट्समन रॅली 1964 पासूनची. पण मला जवळचं उदाहरण वाटतं ते कोल्हापूरचं. छत्रपती घराण्याची मेबॅक शाही दसऱ्याला दसरा चौकात येते आणि हजारो लोक तिला चालताना पाहतात. काचेआडची गाडी पाहून तिची कल्पना येते, चालती गाडी पाहून ती लक्षात राहते. उलट बाजूचं उदाहरण मुंबईचं. साऱ्या शहराला वाहून नेणारी काळी-पिवळी पद्मिनी वयोमर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस टॅक्सी म्हणून कायमची थांबली. रोज हजारोंनी दिसणारी वस्तू जपावी असं कुणाला वाटत नाही, आणि वाटेपर्यंत ती भंगारात गेलेली असते.

वही

तेराव्याच्या दिवशी मित्राच्या मुलीने मला एक जाड वही दिली. 1986 पासूनची. गणिताच्या शिक्षकाची, म्हणून पट्टीने आखलेले रकाने: तारीख, किलोमीटर, काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं. आणि शेवटचा रकाना: ‘कुणी शिकवलं’.

त्या शेवटच्या रकान्यात कितीतरी माणसं आहेत. साळवी स्टॉपजवळच्या गॅरेजातला मिस्त्री, ज्याने कानाने टायमिंग जुळवायला शिकवलं. एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेला फिटर, ज्याने टप्पेटमधलं अंतर पातीने मोजायला शिकवलं. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातला दुकानदार, ज्याने खरा भाग आणि नकली भाग वजनावरून ओळखायला शिकवलं. पत्राकाम करणारा, रेडिएटर जोडणारा, गादीकाम करणारा. त्यांतले बरेच आता नाहीत. त्यांची मुलं दुसऱ्या कामांत गेली. गॅरेजात आता संगणक जोडून दोष शोधतात आणि कार्बोरेटर उघडलेला नाही अशी मुलं मिस्त्री झाली आहेत. त्यांचा दोष नाही, त्यांच्यापुढे कार्बोरेटर आलाच नाही.

वही वाचून झाली तेव्हा मित्राने काय जपलं ते मला कळलं. मला इतकी वर्षं वाटत होतं, तो गाडी जपतोय. तो त्या माणसांचं ज्ञान जपत होता. त्यासाठी गाडी रोज थोडी बिघडत राहणं आणि दुरुस्त होत राहणं गरजेचं होतं. पैसे असले की पत्रा नवा मिळतो, भाग परदेशातून मागवता येतात. कानाने टायमिंग जुळवणारा माणूस मात्र मागवता येत नाही.

मुलगी पुण्याला असते, दर महिन्याला येते. पॉइंट साफ करायचं राहिलेलं काम आम्ही दोघांनी वहीत बघून पुरं केलं. त्या नोंदीच्या शेवटच्या रकान्यात तिने ‘बाबा’ असं लिहिलं.

वाचकहो, तुमच्या पडवीत, गोठ्यात, बंद गॅरेजात वडिलांची किंवा आजोबांची एखादी गाडी उभी असेल. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालताच. या वर्षी तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद काढा, कागदपत्रं शोधून नोंदणीचं काय करायचं ते आरटीओत जाऊन विचारा आणि ती महिन्यातून एकदा तरी सुरू होईल असं बघा. ज्या मिस्त्रीने ती कधीकाळी दुरुस्त केली तो हयात असेल तर त्याला घरी बोलवा, चहा द्या, आणि तो जे सांगेल ते त्याच्या नावासकट लिहून घ्या. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.