आपलं कुठाय यात?

माझ्या प्रेसला लागून असलेलं सलून मागच्या आठवड्यात बंद झालं. आरसे काढून नेले, भिंतीवर त्यांचे चौकोन तेवढे पांढरे उरलेत. वर-खाली होणारी खुर्ची नेण्यासारखी नव्हती, ती माझ्याकडे आहे. सलूनवाला वाळूजला गेला, एका कारखान्याच्या गेटवर बारा तासांच्या ड्यूटीवर. शेजारी दुकानं येतात-जातात, त्याचं एवढं काही वाटत नाही. हे मात्र लागलं, कारण तो का गेला याचा हिशेब मला तारखांसकट पाठ आहे.

कन्नडमध्ये मी प्रेस टाकली १९९२ साली. पुढची चोवीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीत हँडबिलं, अधूनमधून कुणाच्या दहाव्याची कार्डं. ट्रेडल गेलं, ऑफसेट आलं, पोरांची शिक्षणं उरकली. सरकार आहे हे वीजबिल आलं की कळायचं. जे काही घडलं ते नंतरच्या दहा वर्षांत. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी आली, तेव्हा तुळशीची लग्नं तोंडावर आली होती आणि गल्ल्यात पत्रिकांचा विसार होता, सगळा पाचशे-हजारात. जुलै २०१७ ला जीएसटी. या दोन्हींवर शहाण्या माणसांनी भरपूर लिहिलंय, मी भर घालत नाही. त्यातून सावरून २०२० च्या लग्नसराईसाठी बँकेचं कर्ज काढलं आणि पत्रिकांचा माल भरला, एवढंच.

२२ मार्चला जनता कर्फ्यू, २४ च्या रात्री देशभर टाळेबंदी. ३ मेच्या एका लग्नाच्या चारशे पत्रिका छापून, घडी घालून तयार होत्या. न्यायला कुणी आलं नाही. तो गठ्ठा अजून माळ्यावर आहे. खाली लहान मुलांच्या नावांची ओळ, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’. लग्न पुढे झालं, अंगणात, वीसेक माणसांत. कोऱ्या पाठीवर मी आता हिशेब लिहितो.

त्या एप्रिल-मेमध्ये आमच्या गावावरून माणसं चालत गेली. वाळूजच्या कंपन्यांमधून निघालेली, सोलापूर-धुळे महामार्गाने, डोक्यावर बोचकं, औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे. पाणी दिलं, चपात्या दिल्या. ‘आगे कितना है?’ याचं उत्तर देता येईना. ८ मेच्या पहाटे आमच्याच जिल्ह्यात, करमाडजवळ, रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातली, मध्य प्रदेशची माणसं. भुसावळला गाडी मिळेल या आशेवर निघालेली. रुळावर विखुरलेल्या भाकरींचा फोटो सगळ्यांनी पाहिला. महाराष्ट्र सरकारने प्रत्येकाच्या घरच्यांना पाच लाख जाहीर केले. चालत होती तोवर ती कुणाच्या यादीत नव्हती.

चारच दिवसांनी, १२ मेला, पंतप्रधानांनी वीस लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. किती शून्यं, हे सलूनवाल्याने माझ्या कॅल्क्युलेटरवर मोजायचा प्रयत्न केला. आकडा बसेना. त्यातले तीन लाख कोटी आमच्यासारख्यांसाठी होते, म्हणजे तेवढ्या कर्जाला सरकारची हमी. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज शिल्लक, त्याच्या वीस टक्के नवं कर्ज, विनातारण. माझे शिल्लक होते २ लाख ४० हजार. मिळाले ४८ हजार. पहिलं वर्ष नुसतं व्याज, मग छत्तीस हप्ते, दरमहा १५३२. मदत मागायला गेलो आणि हप्ता घेऊन आलो.

सलूनवाल्यावर कर्जच नव्हतं. कुणाचं बुडवायला नको म्हणून कधी घेतलंच नाही. बँकेतला साहेब त्याला म्हणाला, तुझे वीस टक्के काढू कशाचे? जूनमध्ये फेरीवाल्यांसाठी स्वनिधी आली, दहा हजार. ती योजना मला पटली, हे कबूल करतो. चौकातल्या भाजीवाल्या मावशींनी ते घेतले, फेडले, पुढचे वीस हजारही उचलले. काट्याच्या पारड्यावर क्यूआर कोड चिकटवलेला आहे, पैसे नातवाच्या मोबाइलवर येतात. सलूनवाला नगरपरिषदेत जाऊन आला. तुझ्या डोक्यावर शटर आहे, तू फेरीवाला कसा?

याच काळात हप्ते थांबवायची सवलत आली, मार्च ते ऑगस्ट. गावात आवई उठली की हप्ते माफ. माफ कसले! व्याज चालूच होतं, त्या व्याजावर पुन्हा व्याज. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, मग सरकारने व्याजावरचं व्याज परत केलं. माझ्या खात्यावर ३०६ रुपये आले. वीजबिलाचं त्याहून वेगळं. तीन महिन्यांचं एकदम आलं. ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिवाळीला गोड बातमी देतो म्हटलं होतं. दिवाळी झाली, आणि बातमी आली की सवलत मिळणार नाही.

धान्य मात्र पोचलं. रेशनवर माणशी पाच किलो फुकट, शिवभोजनाची थाळी पाच रुपयांत. ते नसतं तर काय झालं असतं, बोलायला नको. त्याशिवाय पुढाऱ्यांची किटं वाटली जात होती. एकाने रात्री शटर अर्धं उघडायला लावून माझ्याकडून स्टिकर छापून घेतले. पिशवी दोन किलोची, फोटो पिशवीएवढा. त्या स्टिकरांचं बिल आजतागायत यायचंय. त्यांनी हे वाचलं तर ओळखतील.

सलून २८ जून २०२० ला उघडलं. केस कापायचे, दाढीला हात लावायचा नाही. त्याची निम्मी कमाई दाढीवरच. कसाबसा रुळावर येतोय तोवर २०२१ चा एप्रिल. पाडव्याच्या संध्याकाळी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे टीव्हीवर आले. पुन्हा निर्बंध, पण या वेळी ५४७६ कोटींचं साहाय्य. नोंदीत बांधकाम कामगारांना दीड हजार, घरेलू कामगारांना दीड हजार, फेरीवाल्यांना दीड हजार, परवानाधारक रिक्षावाल्यांना दीड हजार. दुसऱ्या दिवशी तो माझ्या प्रेसमध्ये पेपर घेऊन बसला. एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आला, परत वर गेला. मग पेपर माझ्याकडे सरकवला.

“काका, आपलं कुठाय यात?”

न्हावी नव्हता. शिंपी नव्हता, मंडपवाला नव्हता, वाजंत्री नव्हते. दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवणारा नव्हता, परवाना मालकाच्या नावावर. प्रेसवालाही नव्हता, पण मला हप्ता तरी होता. आठवड्याभरात लग्नाचा नवा नियम आला, पंचवीस माणसं आणि दोन तास. पंचवीस माणसांना पत्रिका कोण छापतं? दीड हजाराने आम्ही तरलो असतो असं मुळीच नाही. पण त्याचं बोट ज्या तऱ्हेने त्या कागदावरून फिरलं, ते मी विसरलेलो नाही. दुकान बंद करा, हे सांगताना सरकारला तो नेमका दिसला होता.

पुढची वर्षं भराभर. ३१ ऑगस्ट २०२१ ला घाटात दरडी कोसळल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटातून जड वाहनं बंद झाली. कोंडीच अशी व्हायची की आदेश चूक म्हणता येत नाही. पण घाट चढून आलेला ट्रकवाला गाडी बाजूला लावून दाढी करून घ्यायचा, तो गेला. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, पीएम विश्वकर्मा आली. अठरा व्यवसाय, आणि त्यात न्हावी! पेपर घेऊन तो धावत आला. प्रशिक्षण झालं, दिवसाला पाचशे भत्ता, अवजारांना पंधरा हजार. पेटी चांगली आहे. गिऱ्हाईक तेवढं नव्हतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये मी १५३२ चा शेवटचा हप्ता भरला. त्याच महिन्यात लाडकी बहीणचे दीड-दीड हजार, दोन महिन्यांचे मिळून, बायकोच्या खात्यावर आले. “तुमचे संपले, माझे सुरू झाले,” ती म्हणाली. टाळेबंदीत दारोदार धुणीभांडी करणाऱ्या बाईला हाच आकडा एकदाच मिळायचा होता, तोही नोंद असली तर. आता दर महिन्याला देता येतो. पैसे नव्हते, हे मला कुणी सांगू नये.

मी तरी कुठल्या तोंडाने बोलू? पत्रिका आता व्हॉट्सअपवर जातात. माझ्या प्रेसमध्ये झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज चालतात. ई-केवायसी, बांधकाम कामगारांची नोंदणी, नव्वद दिवसांचा दाखला. ज्यांनी जन्मात थापी धरली नाही, तेही भांड्यांच्या संचासाठी रांगेत असतात. अर्जामागे पन्नास रुपये घेतो. याद्यांवर माझं पोट आहे.

जाताना सलूनवाला अवजारांची पेटी घेऊन गेला. रविवारी खोलीवरच्या पोरांचे केस कापीन म्हणाला. एसटीला वेळ होता, तर त्या खुर्चीत बसला आणि विचारलं, “काका, वॉचमन कशात बसतो?” बघून सांगतो म्हटलं, आणि आधारची झेरॉक्स ठेवून घेतली.