प्रकल्पाचे नियोजन (लेखांक ५) : निर्णायक मार्ग

गेल्या आठवड्याच्या लेखांकात एखाद्या विस्तीर्ण कार्याचे लहान लहान, मोजता येण्याजोग्या आणि एकेका जबाबदार माणसाच्या स्वाधीन करता येण्याजोग्या कामांत विभाजन कसे करावे, याचा विचार आपण केला. त्या विभाजनातून हाती येणारी यादी कितीही काटेकोर असली, तरी पैसा पुरविणाऱ्याच्या, मग तो सरकार असो वा सावकार, पहिल्याच प्रश्नाला ती उत्तर देऊ शकत नाही. हे सर्व पुरे होणार केव्हा, हा तो प्रश्न. यादीतील सर्व मुदतींची बेरीज केली तर उत्तर अवास्तव मोठे येते, कारण पुष्कळ कामे एकाच वेळी चालू शकतात. सर्वांत मोठ्या कामाची मुदत तीच प्रकल्पाची मुदत मानली तर ते अवास्तव लहान येते, कारण काही कामे दुसरी पुरी झाल्यावाचून सुरूच होत नाहीत. खरे उत्तर या दोहोंच्या दरम्यान असते, आणि ते नेमके कोठे, हे शोधून काढण्याची रीत हा आजचा विषय आहे.

उदाहरणादाखल कोकणातील एका लहान नदीवर रेल्वेचा पूल बांधावयाचा, दोन्ही अंगांना मातीचा भराव घालावयाचा आणि वरून रूळ टाकावयाचे, असे एक काल्पनिक काम घेऊ, आणि त्याचे आठ भाग पाडू. मोजणी आणि भूस्तराची परीक्षा यांस ४ आठवडे लागतात. तिच्यामुळे मार्गाची रेषा निश्चित झाल्यावर जमिनीचे संपादन करून प्रत्यक्ष ताबा घेण्यास १२ आठवडे, आणि त्याच वेळी, त्याच परीक्षेच्या आधारे, पुलाचे नकाशे सिद्ध करण्यास ६ आठवडे जातात. नकाशे मंजूर झाल्यावर कारखान्यात पोलादी गर्डर तयार होण्यास २४ आठवडे. ताबा आणि नकाशे ही दोन्ही हाती आल्यावर पाये व खांब उभारण्यास २०. ताब्यानंतर भरावास १८. खांब व गर्डर दोन्ही तयार झाल्यावर गर्डर चढविण्यास ४. आणि अखेरीस, पूल व भराव पुरे झाल्यावर, रूळजोडणीस ६ आठवडे.

आता आरंभापासून क्रमाक्रमाने पुढे यावे आणि प्रत्येक काम लवकरात लवकर कितव्या आठवड्याच्या अखेरीस संपेल ते टिपीत जावे. जेथे दोन वाटा एकत्र मिळतात, तेथे उशिरा पोहोचणारीचा आकडा ग्राह्य धरावा. या हिशेबाने मोजणी ४ थ्या, नकाशे १० व्या, ताबा १६ व्या, गर्डर ३४ व्या, भरावही ३४ व्या आणि खांब ३६ व्या आठवड्याच्या अखेरीस पुरे होतात. गर्डर ४० व्या आठवड्यापर्यंत चढतात, आणि ४६ व्या आठवड्याच्या अखेरीस रूळ तयार होतात. सर्व मुदतींची बेरीज ९४ आठवडे होती, सर्वांत मोठे काम २४ आठवड्यांचे होते. प्रकल्पाची खरी मुदत मात्र ४६ आठवडे निघाली. ही मुदत ज्या कामांच्या साखळीने ठरविली ती साखळी मोजणी, ताबा, पाये व खांब, गर्डर चढविणे आणि रूळजोडणी अशी आहे, आणि तिलाच निर्णायक मार्ग म्हणतात. या यादीत सर्वांत दीर्घ मुदतीचे जे काम, म्हणजे कारखान्यातील गर्डरांचे, तेच या मार्गावर नाही, हे वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

या मार्गावर नसलेल्या कामांना काही सवड असते. उपरिनिर्दिष्ट उदाहरणात भरावाला ६ आठवड्यांची, तर नकाशे आणि गर्डर या जोडीला दोघांत मिळून २ आठवड्यांची सवड आहे. ती पहिल्याने खर्चून टाकली तर दुसऱ्याला काहीच उरत नाही. निर्णायक मार्गावरील कामांना मात्र एका दिवसाचीही सवड नसते. व्यवस्थापकाच्या दृष्टीने यातून जे निष्पन्न होते ते व्यवहारात वारंवार दुर्लक्षिले जाते. रस्त्यावरून जाणाऱ्या साहेबाला भरावाचे काम मंद दिसले म्हणून मक्तेदाराला तगादा लावून रात्रपाळी सुरू केली, तर मजुरीचा बोजा वाढेल, परंतु गाडी एक दिवसही आधी सुटणार नाही. उलटपक्षी, पाये व खांब यांचे काम अधिक माणसे लावून २० ऐवजी १४ आठवड्यांत उरकले, तरी लाभ ६ आठवड्यांचा होत नाही, अवघ्या २ आठवड्यांचा होतो. कारण तेवढ्या बचतीनंतर गर्डरांची वाट पाहणे भाग पडते आणि निर्णायक मार्ग नदीच्या पात्रातून उठून कारखान्यात जाऊन बसतो. त्यापुढील प्रत्येक बचतीसाठी कारखान्यातही पैसा ओतावा लागतो. त्वरेची किंमत अशी उत्तरोत्तर चढत जाते, आणि कोठपर्यंत ती मोजावी हे ठरविण्याचे साधन म्हणजे हाच हिशेब होय.

ही रीत फारशी जुनी नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत हेन्री गँट याच्या नावाने रूढ झालेल्या पट्ट्यांच्या तक्त्यात कोणते काम केव्हा सुरू होऊन केव्हा संपणार हे एका दृष्टिक्षेपात दिसत असे, आणि आजही अनेक कचेऱ्यांच्या भिंतींवर तो दिसतो. परंतु एक काम दुसऱ्यावर कसे अवलंबून आहे, हे त्या पट्ट्या सांगत नसत. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या रासायनिक कंपनीचा मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या कंपनीचा जेम्स केली यांनी कारखान्यांच्या उभारणीसाठी परस्परावलंबनाचे जाळे मांडून त्यातील सर्वांत दीर्घ मार्ग संगणकाकडून शोधून घेण्याची पद्धती सिद्ध केली. काम रखडले की सगळ्याच कामांवर जादा तास लावावयाचे, ही जी सरसकट रीत तोवर चालत आली होती, तिचा फोलपणा या पद्धतीने आकड्यांनिशी उघड केला. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकेच्या नौदलाने पाणबुडीवरून सोडावयाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या योजनेसाठी अशीच एक पद्धती स्वतंत्रपणे तयार केली. ती पर्ट या नावाने ओळखली जाते.

नौदलापुढील अडचण मात्र निराळी होती. पूल बांधणाऱ्याला पूर्वीच्या पुलांचे दप्तर उपलब्ध असते. जी वस्तू पूर्वी कोणी केलीच नाही तिच्या मुदतीचा अंदाज एका आकड्यात सांगणे म्हणजे अज्ञानाला निश्चिततेचा वेष चढविणे होय. म्हणून पर्टमध्ये प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतात : सर्व काही अनुकूल घडल्यास लागणारा काळ, सर्वसाधारणपणे लागणारा काळ, आणि सर्व काही प्रतिकूल घडल्यास लागणारा काळ. मग मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन तिहींची बेरीज करतात आणि तिला सहाने भागतात. आपल्या उदाहरणातील जमिनीचा ताबा सर्व खातेदार राजी असल्यास ८ आठवड्यांत, एरवी १२ आठवड्यांत, आणि वारसांचे तंटे व हरकती निघाल्यास २८ आठवड्यांत मिळेल असे धरले, तर अपेक्षित मुदत १२ नव्हे, १४ आठवडे येते. हे दोन आठवडे वाढले ते कोणाच्या आळसामुळे नव्हे. मानवी व्यवहारात काम लवकर होण्याला मर्यादा असते, उशीर होण्याला सहसा नसते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

येथवर आपण प्रत्येक आठवडा दुसऱ्या आठवड्यासारखाच मानला. परंतु आपल्या देशात, आणि कोकणात तर विशेषेकरून, तसे मानून चालत नाही. समजा, हे काम १ मार्चला सुरू झाले. जमिनीचा ताबा २१ जूनच्या सुमारास मिळेल, परंतु तोवर नदीला पूर आलेला असेल आणि पाये खणण्यास १ ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागेल. तेथून पुढील ३० आठवडे धरता एप्रिलच्या अखेरीस रूळ तयार होतील. आता हेच काम १ मेला सुरू झाले असे समजा. मोजणी मेमध्येच आटोपेल, ताबा ऑगस्टमध्ये मिळेल, पायांस पुन्हा १ ऑक्टोबरलाच प्रारंभ होईल, आणि रूळ त्याच एप्रिलच्या अखेरीस तयार होतील. आरंभ दोन महिने लांबला आणि समाप्ती एक दिवसही लांबली नाही! याउलट पायांचा प्रारंभ रेंगाळत जानेवारीच्या मध्यापलीकडे गेला, तर २० आठवड्यांचे ते काम मृगाच्या आत पुरे होत नाही, आणि एका आठवड्याच्या दिरंगाईसाठी चार महिन्यांचे मोल द्यावे लागते. म्हणून पावसाळ्याला अडचणींच्या कैफियतीत न घालता जाळ्यातच, एखाद्या कामाप्रमाणे, त्याच्या मुदतीसह मांडले पाहिजे. तो मांडला की जमिनीच्या ताब्याला सवड मिळते आणि निर्णायक मार्ग १ ऑक्टोबरपासून मोजावा लागतो, हे आपोआप स्पष्ट होते.

कोकण रेल्वेचा इतिहास या तत्त्वाचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण म्हणून वाचण्यासारखा आहे. या कार्यासाठी १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि त्याची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे आली. रोह्यापासून मंगळूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरांच्या या मार्गावर लहानमोठे मिळून सुमारे २,००० पूल आणि ९० हून अधिक बोगदे करावयाचे होते. रत्नागिरीजवळील पानवल नदीवरील पुलाचा सर्वांत उंच खांब ६४ मीटरांचा आहे. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. योजनेचा नकाशा पाहणाऱ्याला हीच दोन कामे सर्वांत धास्तीची वाटली असती, आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती थोर आहेतच. परंतु मार्गाची मुदत यांपैकी एकानेही ठरविली नाही. सह्याद्रीचा कातळ कठीण असला तरी त्याचा स्वभाव माहीत असतो. त्यासाठी योग्य यंत्रे आणली की रोजची प्रगती मोजता येते आणि म्हणून समाप्तीची तारीखही सांगता येते.

मुदत ठरविली ती गोव्यातील पेडणे येथील जेमतेम दीड किलोमीटरांच्या बोगद्याने. तेथे कातळाऐवजी पाणी मुरलेली मऊ चिकणमाती होती. कातळ फोडणारी यंत्रे तिच्यापुढे निरुपयोगी ठरली, खोदलेला भाग वारंवार ढासळत राहिला, आणि हातांनी खणून, लगोलग आधार देत, वीत-वीत पुढे जावे लागले. त्यातच मार्गाच्या रेषेवरून गोव्यात वाद उद्भवला आणि १९९३ मध्ये तेथील काम काही महिने स्थगित राहिले. इकडे त्याच वर्षी उत्तरेस रोहा ते वीर आणि दक्षिणेस उडुपी ते मंगळूर हे टप्पे खुले झाले होते. १९९६ च्या अखेरीस उत्तरेकडून गाडी सावंतवाडीपर्यंत येऊन ठेपली. तरीही मुंबई व मंगळूर यांना जोडणारा अखंड मार्ग राष्ट्राला अर्पण होण्यास २६ जानेवारी १९९८ उजाडावे लागले. पानवलचा खांब आणखी सहा महिने आधी उभा राहिला असता, तरी ही तारीख बदलली नसती. तथापि तयार झालेले टप्पे न अडवता क्रमाने खुले करण्यात जे शहाणपण होते, तेही येथे नमूद केले पाहिजे. निर्णायक मार्ग अडला असता उरलेल्या भांडवलाला निरुद्योगी ठेवू नये, हा त्यातील बोध आहे.

यावरून व्यवस्थापकाचा साप्ताहिक परिपाठ निश्चित करता येतो. दर आठवड्याच्या बैठकीत सर्व कामांचा समान तपशिलाने आढावा घेणे न्याय्य वाटले, तरी ते उपयोगाचे नाही. प्रथम मागील आठवड्यात प्रत्यक्ष झालेले काम जाळ्यावर चढवावे. नंतर मार्ग पुन्हा मोजावा, कारण एखाद्या शांतपणे रेंगाळणाऱ्या कामाची सवड संपून तेच आता निर्णायक झाले असण्याचा संभव असतो. आणि मग बैठकीचा बहुतेक वेळ त्या मार्गावरील कामांना व ज्यांची सवड झपाट्याने आटत आहे अशा कामांना द्यावा. ज्या खात्याचा अधिकारी सर्वांत मोठ्याने तक्रार करतो त्याचेच काम मुदत अडवून धरीत असते असे नाही. पुष्कळदा मुदत एखाद्या तालुका कचेरीतील न निघालेल्या हुकमावर अडलेली असते, आणि त्या हुकमाची बाजू मांडणारे बैठकीत कोणीच नसते.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. आजच्या हिशेबात जे काम जेव्हा सुरू करावयाचे तेव्हा त्याला लागणारी माणसे, यंत्रे आणि पैसा हजर असतील, असे आपण गृहीत धरले आहे. पाये खणणारे कुशल कारागीर दोन पुलांसाठी मिळून एकच टोळी असतील, तर कागदावर समांतर दिसणारी दोन कामे प्रत्यक्षात एकामागून एकच होतील आणि मुदतीचे सारे आकडे पुन्हा मांडावे लागतील. ते कसे मांडावे, आणि अपुऱ्या साधनांची वाटणी करताना सवडीचा उपयोग कसा करावा, हे पुढील लेखांकात पाहू.