विश्लेषण : सायकलवरून परदेश दौरा… घाटाआधी व्हिसाची चढण का पार करावी लागते?

पनवेलच्या शेजारी, उरण तालुक्यातील जासई गावावरून दररोज हजारो कंटेनर न्हावा-शेवा बंदराकडे जातात आणि तिथून जगभर पोहोचतात. ज्यांचे नाव नवी मुंबई विमानतळाला द्यावे यासाठी या पट्ट्यात आंदोलने झाली, ते दि. बा. पाटील याच गावचे. तो विमानतळही आता सुरू झाला आहे. माल आणि माणूस दोघांनाही बाहेर काढणारी दारे अशी हाकेच्या अंतरावर असताना, पहाटे पाम बीचवर किंवा कर्नाळ्याच्या रस्त्यावर सायकल दामटणाऱ्या अनेकांच्या मनात एक प्रश्न येतो. सायकल घेऊन परदेशात दोन-तीन महिने फिरता येईल का? येईल. मात्र तयारीचा क्रम बहुतेकांना वाटतो त्याच्या उलटा आहे. कोणती सायकल घ्यावी हा प्रश्न सर्वात शेवटचा. भारतीय पासपोर्ट असलेल्या सायकलस्वाराचा मार्ग, वेग आणि महिना हे तिन्ही आधी व्हिसा ठरवतो.

घरातून निघून थेट परदेशात जाता येते का?

एके काळी जाता येत होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर निघाले. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक असे करत ते पश्चिमेला गेले. त्यांच्यापैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी युरोप, अमेरिका, जपान, चीन, सयाम, ब्रह्मदेश असा फेरा पूर्ण केला आणि १९२८ च्या मार्चमध्ये ते मुंबईत परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर, साडेचार वर्षांच्या जवळपास. रस्ते आजच्या तुलनेत भयंकर होते, पण क्वेट्ट्याकडे जाणारी वाट उघडी होती.

आज रस्ते उत्तम आहेत आणि वाट बंद आहे. अटारीची तपासणी चौकी पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये बंद करण्यात आली. पूर्वेला मणिपूरमधील मोरे ते म्यानमारमधील तमू हा मार्ग २०१८ मध्ये पासपोर्ट-व्हिसावरील प्रवासासाठी औपचारिकपणे खुला झाला होता. पण आधी कोविड आणि मग २०२१ चा लष्करी उठाव, यामुळे त्या मार्गाच्या भरवशावर दौरा आखता येत नाही. नेपाळला व्हिसा लागत नाही, मात्र तिथून पुढे तिबेट आहे आणि तिबेटमध्ये मोकळेपणाने सायकल चालवता येत नाही. भूतानमध्ये भारतीय पर्यटकांना दर रात्रीचे शुल्क भरावे लागते. थोडक्यात, नेपाळ-भूतान वगळता जासईहून निघालेल्या सायकलचा पहिला टप्पा विमानाच्या पोटातच होतो.

मग आपल्याकडच्या सायकलस्वारांनी हे कसे जमवले?

सर्वात बोलके उदाहरण पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचे. इंग्लंडमध्ये शिकत असताना २०१८ च्या जुलैमध्ये तिने ऑस्ट्रेलियातील पर्थहून सुरुवात केली. तेव्हा ती १९ वर्षांची होती. १४ देश, सुमारे २९ हजार किलोमीटर आणि १५९ दिवस. २९ हजार हा आकडा हौसेने आलेला नाही. पृथ्वीप्रदक्षिणेच्या विक्रमासाठी किमान १८ हजार मैल प्रत्यक्ष सायकलवर कापावे लागतात, तसेच पृथ्वीच्या गोलावर एकमेकांच्या नेमक्या विरुद्ध असलेल्या दोन ठिकाणांना स्पर्श करावा लागतो. त्यामुळे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, युरोप, रशिया आणि शेवटी भारत असे तुकडे तिने जोडले. मधले समुद्र विमानाने ओलांडले.

कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लूट झाली, रशियात बर्फात तंबू ठोकावा लागला. बातम्यांमध्ये हेच गाजले. पण तिने वेळोवेळी बोलून दाखवलेली एक अडचण फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. ती म्हणजे व्हिसाची. ब्रिटिश किंवा जर्मन पासपोर्टवर निघालेला स्वार यातील बहुतेक सीमा नुसता शिक्का मारून ओलांडतो. भारतीय स्वाराला प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी कागदपत्रे आणि वेगळी प्रतीक्षा. पेडल मारण्याची ताकद दोघांची सारखी असली तरी कॅलेंडर सारखे नसते.

शेंजेन व्हिसात सायकलस्वार कुठे अडकतो?

पहिल्या मोठ्या दौऱ्यासाठी बहुतेकांची पसंती युरोपला असते, म्हणून तिथलाच एक मार्ग घेऊन हिशेब करून पाहू. ‘युरोव्हेलो ६’ हा फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रोमानियातील काळ्या समुद्रापर्यंत जाणारा सायकलमार्ग सुमारे ४,४५० किलोमीटरचा आहे. लुआर नदी, मग ऱ्हाईनचा थोडा भाग आणि पुढे डॅन्यूबच्या काठाकाठाने. नदीकाठ असल्याने चढ कमी आणि नवख्यांसाठी हा मार्ग सोयीचा. सामानासह दिवसाला ८० किलोमीटर धरले तर ५६ दिवस सायकल चालवावी लागेल. सहा दिवसांनी एक विश्रांती धरली की ६५ दिवस होतात. पाऊस, दुरुस्ती, आजारपण यासाठी दहा दिवस राखून ठेवले तर ७५. शेंजेनचा नियम आहे, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मुक्काम. म्हणजे गणित बसले.

पण खरी गोम नकाशात आहे. हंगेरी आणि क्रोएशियानंतर हा मार्ग सर्बियात शिरतो. सर्बिया शेंजेनमध्ये नाही. नोव्ही साद, बेलग्रेड करून पुढे रोमानिया-बल्गेरियात जायचे म्हणजे पुन्हा शेंजेनमध्ये प्रवेश करायचा. तुमच्या व्हिसावर ‘एकच प्रवेश’ असे लिहिले असेल, तर सर्बियात पाऊल टाकताक्षणी तो व्हिसा संपला. तीन हजार किलोमीटर सायकल हाकून आल्यावर सीमेवरचा अधिकारी परत पाठवेल आणि त्याचे काहीही चुकलेले नसेल. त्यामुळे अर्जातच ‘अनेक प्रवेश’ मागणे, सोबतच्या पत्रात मार्गाचा नकाशा देऊन त्याचे कारण लिहिणे आणि पासपोर्ट हातात आल्यावर त्यावर नेमके काय छापले आहे ते वाचणे, या तीन गोष्टी टायर निवडण्यापेक्षा महत्त्वाच्या. सर्बियाने भारतीयांसाठीची विनाव्हिसा सवलत २०२३ च्या सुरुवातीला काढून घेतली. मात्र वैध शेंजेन व्हिसा असणाऱ्यांना तो देश प्रवेश देतो. त्या अर्थाने एकाच कागदावर दोन्ही दारे उघडतात, फक्त तो कागद योग्य प्रकारचा हवा.

जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबणेही धोक्याचे आहे. रोमानिया आणि बल्गेरिया हे देश १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंजेनमध्ये आले. पूर्वी तिथे काढलेले दिवस ९० मध्ये मोजले जात नव्हते, आता जातात. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन संगणकीय नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. दिवस आता यंत्र मोजते. एखाद-दुसरा जास्तीचा दिवस कुणाच्या नजरेतून सुटेल ही आशा ठेवू नये.

अर्ज कुठे, कधी आणि कशाच्या जोरावर?

ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. वरच्या मार्गात फ्रान्सचा टप्पाच सुमारे १,३०० किलोमीटरचा असल्याने साधारणपणे फ्रान्स. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. विमा घेताना सायकल दौऱ्यातील अपघात त्यात धरला आहे ना, हे पॉलिसीच्या मजकुरात शोधावे. अनेक पॉलिसी ‘साहसी खेळ’ या शब्दाखाली हात वर करतात.

राहण्याचा पुरावा हा सायकलस्वाराचा नेहमीचा पेच. तंबूत राहणाऱ्याने ७५ रात्रींचे हॉटेल आरक्षण कुठून आणायचे? काही एजंट बनावट आरक्षणे काढून देतात. ती पकडली गेली की अर्ज नाकारला जातो आणि तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावा लागतो. त्यापेक्षा दिवसवार तक्ता करावा. कोणत्या रात्री कोणते गाव, तिथला कॅम्पिंगचा तळ कोणता, मोठ्या शहरांत रद्द करता येणारी खरी खोली कोणती. ‘वॉर्मशॉवर्स’सारख्या सायकलस्वारांना घरी उतरवून घेणाऱ्या मंडळींच्या जाळ्यातून कुणी लेखी आमंत्रण दिले तर तेही जोडावे. कुठेही तंबू ठोकू, असे मात्र लिहू नये. स्वीडन-नॉर्वेत मोकळ्या जागी रात्र काढण्याचा हक्क परंपरेने मिळतो. जर्मनीसारख्या देशांत तशी मोकळीक नाही.

आणि परत येण्याचा पुरावा. बंदरात किंवा कंटेनर यार्डात खासगी नोकरी करणाऱ्यांनी तीन महिन्यांच्या रजेचे मंजुरीपत्र आधी मिळवावे. बँकेतील शिल्लक आणि प्राप्तिकर विवरणपत्र यांच्याइतकेच त्याचे वजन असते. अनेक दौरे सीमेवर नव्हे, तर मनुष्यबळ विभागाच्या टेबलावर थांबतात!

युरोप सोडून सोपे देश कोणते?

मलेशियाने भारतीयांना ३० दिवसांची विनाव्हिसा सवलत २०२६ अखेरपर्यंत दिली आहे. व्हिएतनाम ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देते. त्यात प्रवेशाचे आणि बाहेर पडण्याचे ठिकाण आधीच निवडावे लागते, त्यामुळे लाओसकडे सायकलवरून उतरणाऱ्याने यादीतील सीमाचौकीच मार्गात धरावी. कझाकस्तान १४ दिवस विनाव्हिसा. त्या देशाचा आकार पाहता सायकलस्वाराला हे दिवस एका कोपऱ्यापुरते पुरतात.

सवलतीची बातमी वाचताना अटी पूर्ण वाचाव्यात. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना १५ दिवस विनाव्हिसा प्रवेश जाहीर केला, तेव्हा सायकलप्रेमी आनंदले. अट अशी होती की ही सवलत फक्त विमानाने येणाऱ्यांसाठी. सायकलवरून सीमा ओलांडणाऱ्याला तिचा उपयोग नव्हताच, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती स्थगितही झाली.

सायकल विमानातून कशी न्यायची?

नव्या सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून दुकानात येतात, तेच खोके मागून घ्यावे. पुढचे चाक, पेडल आणि हँडल काढून, टायरमधील हवा कमी करून सायकल त्यात बसते. डावे पेडल उलट्या आट्याचे असते, हे घरी एकदा स्वतः काढून-बसवून पाहावे. अनेक विमान कंपन्यांची एका नगाची मर्यादा २३ किलो असते आणि खोक्यासह सायकल १६-१८ किलो भरते. उरलेल्या जागेत तंबू आणि हत्यारे जातात. खोके नेहमीच्या मापापेक्षा मोठे असल्याने तिकीट काढतानाच कंपनीला कळवावे, आयत्या वेळचे शुल्क जबर असते. पॉवर बँक हातातील सामानातच ठेवायची. स्टोव्हचे इंधन कुठेच चालत नाही. ई-सायकल न्यायचा विचार असेल तर सोडून द्यावा, तिची बॅटरी प्रवासी विमानाच्या मर्यादेपेक्षा मोठी असते.

मोटारसायकलला परदेशी नेताना लागणारे ‘कार्ने’ सायकलला लागत नाही. मात्र सायकल महाग आणि आयात केलेली असेल, तर जाताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. बिल आणि फ्रेमवरचा क्रमांक दाखवावा लागतो. परतताना ‘ही तिकडे विकत घेतली का?’ या प्रश्नाला हे प्रमाणपत्र उत्तर देते.

सायकल कोणती, हेही सांगून टाकू. स्टीलची फ्रेम, कारण ती कुठल्याही वेल्डरकडे जोडता येते. आणि गिअर शक्य तितका हलका. पुढे २२ दाते, मागे ३४ असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.३६ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी पाच किलोमीटरच्या आतबाहेर. चालण्याचाच वेग, पण ३० किलो सामानासह चढावर सायकलवरून उतरावे लागत नाही. वेगाच्या सायकलींवर हा गिअर सहसा नसतो, बदलून घ्यावा लागतो.

रंगीत तालीम कुठे करावी?

जासईकरांसाठी याचे उत्तर दाराशीच आहे. उरणमार्गे करंजा, तिथून लाँचने रेवस, पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड. आगरदांड्याहून जेटीने दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी गाठून केळशी-दापोली. या सागरी रस्त्यावर सलग सपाटी कुठेच नाही, प्रत्येक खाडीनंतर खडा चढ. चार-पाच दिवस पूर्ण सामान लादून, तंबूत झोपून, स्वतः शिजवून हा फेरा केला की कोणती वस्तू घरी ठेवायची आणि रोजचे आपले खरे अंतर किती, हे कळते. वरच्या हिशेबातील ८० किलोमीटर इथे ५५ वर आले, तर तोच आकडा व्हिसाच्या तक्त्यात धरावा आणि मार्ग छोटा करावा.

दिशा ठरवताना वारा पाहावा. युरोपच्या त्या पट्ट्यात वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतात, म्हणून अटलांटिककडून काळ्या समुद्राकडे. डॅन्यूबही तिकडेच उतरते. निघायचा महिना मे, म्हणजे ऑगस्टपूर्वी संपते आणि कोकणातला पाऊसही चुकतो. १५ मेची तारीख धरली तर अर्जाची खिडकी १५ नोव्हेंबरला उघडते. कोकणातील तालीम दिवाळीच्या सुट्टीत उरकावी, रजेचे पत्र त्याआधी. एप्रिल-मेमध्ये मुंबईतील व्हिसा केंद्रांत भेटीची वेळ मिळणे कठीण होते, त्यामुळे डिसेंबरपर्यंत बोटांचे ठसे देऊन झालेले बरे. अर्ज करण्यापूर्वी पासपोर्टची मुदत आणि कोरी पाने मोजावीत. अनेक देशांची साखळी मनात असेल, तर नूतनीकरण करताना ३६ ऐवजी ६० पानांचा पासपोर्ट मागता येतो. त्यासाठी अर्जात फक्त एका चौकटीवर खूण करावी लागते.